वाढीसाठी वनस्पतीच्या एन्झाइममध्ये बदल: जनुकाच्या निवडीपासून शेतातल्या मोजणीपर्यंत

वनस्पतीत एखादं जनुक घालणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. तंबाखूच्या पानाच्या चकत्यांपासून रूपांतरित रोपं मिळवण्याची पद्धत १९८५ सालची आहे, आणि अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाची फुलं जीवाणूंच्या द्रावणात बुडवण्याची त्याहून सोपी पद्धत १९९८ सालची. खरा कस लागतो तो आधीच्या आणि नंतरच्या कामात. कोणतं एन्झाइम बदलायचं, हे आधी ठरवावं लागतं. रोप खरंच जास्त वाढलं की आपल्याला तसं भासलं, हे नंतर ओळखावं लागतं. एका मोठ्या बियाणे कंपनीनं सुमारे दोन दशकांत मक्यामध्ये १,६७१ जनुकं तपासली आणि २०२१ मध्ये हिशेब मांडला. शेतात टिकलेली जनुकं २२ निघाली, म्हणजे सुमारे १.३ टक्के. हा आकडा निराश होण्यासाठी सांगत नाही. आपला वेळ कुठे घालवायचा, ते यातून कळतं, म्हणून सांगतो.

हा लेख ऊती संवर्धन आणि रेणुजीवशास्त्राची सोय असलेल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी आहे. काम सुरू करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घ्या. प्लाझ्मिड, म्हणजे जनुक वाहून नेणारं डीएनएचं वलय, मागवण्याच्या आधी घ्या, रोपं तयार झाल्यावर नव्हे.

अडथळा कुठे आहे ते आधी मोजा

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखरेपर्यंतच्या वाटेवर डझनभर एन्झाइमं आहेत. त्यातलं कुठलंही एक वाढवलं म्हणून साखर वाढत नाही. ज्या टप्प्यावर प्रवाह खोळंबला आहे, तिथे हात घातला तरच फरक दिसतो. तो टप्पा कोणता, हे अंदाजानं ठरवू नका. वायुविनिमय मोजणारं यंत्र पानाला लावा आणि कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण टप्प्याटप्प्यानं बदलत प्रकाशसंश्लेषणाचा वेग नोंदवा. हाती येणाऱ्या वक्रात तीन भाग दिसतात. सुरुवातीचा चढ रुबिस्को या, कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या एन्झाइमच्या क्षमतेवर ठरतो. मधला, हळूहळू झुकत जाणारा भाग रुबिस्कोला लागणारा पाच कार्बनी रेणू किती वेगानं पुन्हा तयार होतो, यावर ठरतो. अगदी शेवटचा सपाट भाग सांगतो, की तयार झालेली साखर उचलली जात नाही. तुमच्या रोपाच्या पानात नेहमीच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं जे प्रमाण असतं, ते या वक्राच्या कोणत्या भागात पडतं, ते पाहा. निवड तिथून सुरू होते.

सपाट भाग लवकर येत असेल, किंवा संध्याकाळी पानांत स्टार्च साठून पहाटेही तो बराच शिल्लक राहत असेल, तर प्रकाशसंश्लेषणाच्या मागे लागू नका. अडचण कंदाच्या, दाण्याच्या किंवा कोवळ्या शेंड्याच्या बाजूला आहे. १९९२ मध्ये बटाट्याच्या कंदात ई. कोलाय या जीवाणूचं स्टार्च बनवणारं एन्झाइम घातलं गेलं आणि कंदातला स्टार्च वाढला. तिथे पान बदललंच नव्हतं.

हेच मोजमाप तुमच्या रोपगृहातल्या प्रकाशात आणि तापमानात करा. मंद प्रकाशात अडथळा वेगळा असतो आणि भर उन्हात वेगळा.

कोणतं एन्झाइम निवडायचं

रुबिस्कोचा मोह सगळ्यांना होतो, आणि तो समजण्यासारखाही आहे. हे एन्झाइम सेकंदाला जेमतेम तीनच कार्बन डायऑक्साइडचे रेणू पकडतं. शिवाय २५ अंश तापमानाला साधारण चारपैकी एका वेळी ते चुकून ऑक्सिजन पकडतं. त्या चुकीची भरपाई करायला झाडाला प्रकाशश्वसनाचा लांबचा आणि ऊर्जाखाऊ रस्ता धरावा लागतो. मग वेगवान रुबिस्को का आणू नये? २०१४ मध्ये तंबाखूत नीलहरित जीवाणूचं वेगवान रुबिस्को बसवण्यात यश आलं. रोपं जगली, पण कार्बन डायऑक्साइड मुद्दाम वाढवलेल्या हवेतच. त्या जीवाणूत हे एन्झाइम कार्बन डायऑक्साइड दाटून भरलेल्या एका कप्प्यात काम करतं. तंबाखूच्या पानात तो कप्पा नव्हता.

रुबिस्कोची बांधणीही किचकट. आठ मोठे आणि आठ लहान घटक एकत्र यावे लागतात. मोठ्याचं जनुक हरितलवकात, लहानाचं केंद्रकात. २०१७ मध्ये अरॅबिडॉप्सिसचं रुबिस्को ई. कोलायमध्ये जुळवता आलं, पण त्यासाठी वनस्पतीची पाच प्रकारची मदतनीस प्रथिनं सोबत द्यावी लागली. पहिल्याच प्रकल्पात रुबिस्कोची रचना बदलायला जाऊ नका, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्याचं प्रमाण वाढवायचं असेल, तर मदतनीसासह वाढवा. २०१८ मध्ये मक्यात रुबिस्कोच्या दोन्ही घटकांसोबत रॅफ-वन हे जुळणी करणारं प्रथिन वाढवल्यावर रुबिस्कोचं प्रमाण तीस टक्क्यांहून अधिक वाढलं.

मला सुरुवातीसाठी सर्वांत योग्य वाटतं ते सेडोहेप्ट्युलोज बिसफॉस्फटेज. याचं संक्षिप्त नाव एसबीपेज. हे एन्झाइम पाच कार्बनी रेणूच्या पुनर्निर्मितीच्या वाटेवर, नेमकं वर सांगितलेल्या वक्राच्या मधल्या भागात बसतं. जनुक एकच आहे, ते केंद्रकात घालता येतं, आणि २००५ मध्ये तंबाखूत त्याचं प्रमाण वाढवल्यावर जैवभार ३० टक्क्यांपर्यंत वाढल्याचं दिसलं आहे. नीलहरित जीवाणूचं दुहेरी काम करणारं भावंड-एन्झाइमही आहे. २००१ मध्ये ते तंबाखूच्या हरितलवकांत पाठवल्यावर कोरडं वजन सुमारे दीडपट झालं. वनस्पतीचं स्वतःचं एसबीपेज प्रकाशात चालू आणि अंधारात बंद होतं. जीवाणूच्या एन्झाइमवर ही लगाम नसते. झाडाची लगाम टाळायची आहे की ठेवायची, हे निवडतानाच ठरवा.

दोन महत्त्वाकांक्षी मार्ग सांगून ठेवतो. पहिला प्रकाशश्वसनाला आडवाट काढण्याचा. २०१९ मध्ये क्लॅमिडोमोनास शैवालाचं ग्लायकोलेट डिहायड्रोजिनेज आणि भोपळ्याचं मॅलेट सिंथेज तंबाखूच्या हरितलवकांत घातलं, आणि ग्लायकोलेट बाहेर नेणाऱ्या वाहक प्रथिनाचं प्रमाणही कमी केलं. शेतात जैवभार ४० टक्क्यांहून अधिक वाढला. वाहक प्रथिन कमी करण्याची युक्ती इथे फार मोलाची आहे: नवी वाट बांधली तरी जुनी उघडी असेल, तर माल जुन्याच वाटेनं जात राहतो.

दुसरा मार्ग ऊन-सावलीच्या खेळाचा. भर उन्हात पान जादा प्रकाश उष्णता म्हणून टाकून देतं. सावली आल्यावर ही टाकाटाक थांबायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात ऊर्जा वाया जाते. हा वेळ कमी करण्यासाठी दोन एन्झाइमं आणि एक प्रथिन एकत्र वाढवल्यावर २०१६ मध्ये शेतातल्या तंबाखूचा जैवभार सुमारे १५ टक्क्यांनी वाढला. २०२२ मध्ये, हाच बदल केलेल्या सोयाबीनच्या एका हंगामात उत्पादन सरासरी २४.५ टक्के वाढल्याचं प्रसिद्ध झालं. दुसऱ्या हंगामात पीक आडवं पडलं आणि फरक ठळक राहिला नाही. अरॅबिडॉप्सिसमध्ये मात्र हीच जनुकं घालून वाढीचा फायदा मिळाला नाही. एका वनस्पतीतला निकाल दुसरीत गृहीत धरू नका.

काही वेळा एन्झाइम कमी करणं हाच उपाय असतो. भातात सायटोकायनिन हे संप्रेरक मोडणाऱ्या ऑक्सिडेजचं जनुक क्षीण असलं की ओंबीत दाणे जास्त येतात, हे २००५ मध्ये स्पष्ट झालं. अशा वेळी बाहेरचं जनुक आणायची गरजच नाही, क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्रानं आतलं जनुक निकामी करता येतं. पुढच्या पिढीत कात्री-प्रथिनाचं जनुक नसलेली रोपं वेगळी काढली, की हाती फक्त तो बदल उरतो. तुमचं उद्दिष्ट या मार्गानं साधत असेल, तर तोच धरा.

कागदावरची तपासणी

निवडलेल्या एन्झाइमविषयी चार गोष्टी लिहून काढा. ते पेशीच्या कोणत्या कप्प्यात काम करणार? तिथला सामू किती? त्याला कोणता सहकारी रेणू लागतो आणि तो तिथे पुरेसा आहे का? त्याचं उत्पादन पुढे कोण वापरणार? प्रकाशात हरितलवकाच्या आतला सामू आठच्या आसपास जातो आणि मॅग्नेशियम वाढतं. सामू सातला उत्तम चालणारं एन्झाइम तिथे सुस्त पडू शकतं. शेवटच्या प्रश्नाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. उत्पादन उचललं गेलं नाही, तर ते साठतं, आणि साठलेले बरेच रेणू पेशीला विषारी ठरतात.

मग जनुक ई. कोलायमध्ये व्यक्त करून एन्झाइम हातात घ्या. हरितलवकाचा पत्ता सांगणारा सुरुवातीचा तुकडा इथे कापून टाका, कारण झाडातही तो पोहोचल्यावर कापला जातो. प्रथिन गाळात बसत असेल तर वाढीचं तापमान १६ ते १८ अंशांवर आणा. हिस्टिडीनची शेपटी लावून निकेलच्या स्तंभावर शुद्ध करा आणि हरितलवकासारख्या परिस्थितीत वेग मोजा. या टप्प्यावर गळालेला उमेदवार पुढचे कितीतरी महिने वाचवतो.

जनुकाची बांधणी

जनुकाचा क्रम मागवताना यजमान वनस्पतीच्या सवयीचे कोडॉन (अमिनो आम्ल सांगणारी तीन अक्षरी खूण) वापरा. पण तेवढ्यावर थांबू नका. जीवाणूच्या जनुकात वनस्पतीची यंत्रणा फसवणाऱ्या खुणा लपलेल्या असतात: चुकीच्या जागी छाटणी होईल अशा, किंवा संदेश अर्ध्यात संपेल अशा. त्या शोधून काढा. गोल्डन गेट या, डीएनएचे तुकडे कापून जोडण्याच्या पद्धतीनं जोडणी करणार असाल, तर बीएसए-वन आणि बीपीआय-वन या कात्री-एन्झाइमांच्या जागा अमिनो आम्ल न बदलता पुसून घ्या.

प्रमोटर, म्हणजे जनुक कुठे आणि किती चालेल ते ठरवणारा तुकडा, निवडताना फुलकोबी मोझेक विषाणूचा ३५एस डोळे मिटून वापरू नका. तो जवळपास सर्व ऊतींत जोरात चालतो, आणि प्रकाशसंश्लेषणाचं एन्झाइम मुळांत बनवण्यात नायट्रोजन वाया जातो. पानासाठी रुबिस्कोच्या लहान घटकाचा प्रमोटर चांगला. तृणधान्यांत ३५एस कमजोर पडतो, तिथे मक्याचा युबिक्विटिन प्रमोटर नेहमीचा. एकापेक्षा जास्त जनुकं घालत असाल, तर प्रत्येकाला वेगळा प्रमोटर आणि वेगळा टर्मिनेटर (जनुकाचा शेवट सांगणारा तुकडा) द्या. तोच क्रम पुन्हा पुन्हा आला की झाड ती जनुकं गप्प करू शकतं, आणि बऱ्याचदा ते दोन पिढ्यांनंतर कळतं.

हरितलवकात जायचं असेल, तर रुबिस्कोच्या लहान घटकाचा पत्ता-तुकडा पुढे जोडा. थेट हरितलवकाच्या डीएनएत जनुक बसवण्याचा मार्गही आहे आणि त्यात प्रथिन भरपूर मिळतं. पण तंबाखूत तो जितका सुकर आहे, तितका तृणधान्यांत नाही.

पानात तात्पुरती चाचणी

स्थायी रूपांतरणाच्या आधी निकोटियाना बेंथामियाना या तंबाखूच्या भावंड-वनस्पतीच्या पानात बांधणी तपासून घ्या. आठवड्याचं काम आहे. अॅग्रोबॅक्टेरियम हा वनस्पतीत जनुक पोहोचवणारा जीवाणू रात्रभर वाढवा, खाली बसवा आणि १० मिलिमोलर एमईएस, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १०० ते १५० मायक्रोमोलर अॅसिटोसिरिंगोन असलेल्या ५.६ सामूच्या द्रावणात मिसळा. गढूळपणा ६०० नॅनोमीटरला ०.३ ते ०.५ असू द्या. दोन-तीन तास तसंच राहू द्या. पी१९ हे प्रथिन देणारी वेगळी वाढ सोबत मिसळली, की जनुक गप्प होण्याला आळा बसतो.

चार-पाच आठवड्यांचं रोप घ्या, आदल्या दिवशी पाणी द्या आणि दिवे लागून तासभर झाल्यावर काम सुरू करा, म्हणजे पर्णरंध्रं उघडी असतात. सुई नसलेली सिरिंज पानाच्या खालच्या बाजूला टेकवा, वरून बोटानं आधार द्या आणि दट्ट्या सावकाश दाबा. द्रव आत शिरला की पानावर गडद, ओलसर डाग पसरतो आणि जाड शिरेपाशी थबकतो. तिथे शिरेच्या पलीकडे नवी जागा धरायची, जोर वाढवायचा नाही. जोर दिला तर पान फाटतं, आणि फाटलेल्या कडेचं प्रथिन मोजमापाला उपयोगाचं नसतं. डागाची कड मार्करनं आखून ठेवा, कारण काही तासांत ओल सुकते आणि जागा ओळखू येत नाही.

तीन ते पाच दिवसांनी पान तोडा. एका बांधणीत एन्झाइमला हिरवं चमकणारं जीएफपी जोडलेलं असू द्या. सूक्ष्मदर्शकाखाली ही हिरवी चमक हरितद्रव्याच्या लाल चमकेवर नीट बसली, तर पत्ता बरोबर आहे. मग जीएफपी नसलेल्या बांधणीतून अर्क काढून एन्झाइमची क्रिया मोजा. प्रथिन दिसतं पण क्रिया नाही, असं झालं तर पुढे जाऊ नका.

स्थायी रोपं

तंबाखूसाठी पानाच्या छोट्या चकत्या जीवाणूंच्या द्रावणात काही मिनिटं बुडवा, टिपून घ्या आणि दोन दिवस एकत्र वाढू द्या. नंतर मुराशिगे-स्कूग माध्यमावर ठेवा. त्यात लिटरला १ मिलिग्रॅम बीएपी आणि ०.१ मिलिग्रॅम एनएए ही वाढीची संप्रेरकं, जनुक न मिळालेल्या पेशी मारणारं १०० मिलिग्रॅम कॅनामायसिन हे प्रतिजैविक आणि जीवाणू मारण्यासाठी सेफोटॅक्झिम. तीन-चार आठवड्यांत चकत्यांच्या कडा फुगतात आणि त्यातून हिरवे कोंब फुटतात. पांढुरके कोंब सोडून द्या. सगळे हिरवे कोंबही खरे नसतात, म्हणून कॅनामायसिन असलेल्या माध्यमात मूळ धरतात का ते पाहा. एका चकतीच्या एकाच जागेवरचे दोन कोंब एकाच घटनेतून, म्हणजे जनुक एकदाच बसलेल्या एकाच पेशीतून, आलेले असू शकतात, तेव्हा त्यातला एकच घ्या. वीस स्वतंत्र रोपं मिळवण्याचं लक्ष्य ठेवा.

अरॅबिडॉप्सिसला ऊती संवर्धन लागत नाही. पाच टक्के साखर आणि ०.०२ ते ०.०५ टक्के सिल्वेट (द्राव पसरायला मदत करणारा पदार्थ) असलेल्या द्रावणात फुलोरा बुडवला, की साधारण शंभरात एक बी रूपांतरित मिळतं.

पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा शोधणाऱ्या चाचणीत, पट्टी आली म्हणून नाचू नका. ऊतीत दडून राहिलेला अॅग्रोबॅक्टेरियमही तीच पट्टी देतो. प्लाझ्मिडच्या सीमेबाहेरच्या क्रमाची पीसीआर सोबत लावा. तीही जुळली, तर जीवाणू शिल्लक असल्याचा किंवा सीमेबाहेरचा तुकडा झाडात शिरल्याचा संशय घ्या.

तुलनेची रोपं कुठून आणायची

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक लेखांत तो दोन ओळींत उरकलेला असतो. ऊती संवर्धनातून गेलेलं रोप आणि कधीही न गेलेलं रोप यांत जनुकाशिवायही फरक पडतो. त्यामुळे पाकिटातल्या साध्या बियाण्याशी तुलना करून वाढ सिद्ध होत नाही. योग्य जोडीदार म्हणजे त्याच रूपांतरित रोपाचं जनुक न मिळालेलं भावंड.

पहिल्या रोपाचं स्वपरागण करून बी घ्या. जनुक एकाच जागी बसलं असेल, तर कॅनामायसिनवर तीन जगतात आणि एक मरतं. हे प्रमाण पाहण्यासाठी काही बी कॅनामायसिनवर टाका, पण उरलेलं औषधाविना उगवा. नाहीतर जी भावंडं हवी आहेत, नेमकी तीच मरतील. औषधाविना उगवलेली रोपं पीसीआरनं वेगळी करा. ज्यांच्या पुढच्या पिढीत सगळी रोपं कॅनामायसिन सहन करतात, ती शुद्ध ओळ. जिच्यात जनुक अजिबात नाही, ती तुलनेची ओळ. दोन्हींचं बी त्याच रोपगृहात, त्याच हंगामात तयार करा. जुन्या आणि ताज्या बियाण्याचा उगवणीतला फरकच सुरुवातीच्या वाढीत मोठा दिसतो.

किमान तीन स्वतंत्र घटना हव्यात. एकाच ओळीची पन्नास रोपं मोजली, तरी घटना एकच राहते. जनुक चुकून दुसऱ्या एखाद्या जनुकात घुसल्याचा परिणाम त्यातून वेगळा काढता येत नाही. प्रत्येक ओळीत संदेश, प्रथिन आणि क्रिया या तिन्ही पातळ्या मोजा, आणि क्रियेच्या पातळीनुसार वाढ चढते का ते पाहा. असा चढ दिसला, तर तो इतर कुठल्याही पुराव्याहून मला अधिक पटतो.

वाढ मोजताना

उंचीवर विसंबू नका. सावलीत ताणलेलं रोपही उंच दिसतं. पानांचं क्षेत्रफळ, आणि मुळांसह कोरडं वजन मोजा. कुंडी मोठी घ्या. २०१२ मध्ये झालेल्या अनेक प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यानुसार कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की जैवभार सरासरी ४३ टक्के वाढतो. कुठल्याही एन्झाइमच्या फायद्याएवढा हा परिणाम आहे. लहान कुंडीत मुळं कोंडली, की खरा फायदा झाकला जातो. कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, अधूनमधून बदला, आणि मोजणाऱ्याला कोणती ओळ कोणती हे कळू देऊ नका.

वायुविनिमयाचा वक्र पुन्हा काढा. एसबीपेज वाढवलं असेल, तर वक्राचा मधला भाग उचललेला दिसायला हवा. रोप मोठं झालं पण वक्र हललाच नाही, तर वाढीचं कारण दुसरं काहीतरी आहे आणि ते शोधलं पाहिजे.

परवानगीसह शेतात गेल्यावर प्रश्न बदलतो. तिथे एका रोपाचं वजन फसवं असतं, कारण मोठं रोप शेजाऱ्याचा प्रकाश खातं. उत्पादन क्षेत्रफळामागे मोजा. प्रत्येक वाफ्याच्या कडेच्या ओळी मोजणीतून वगळा, कडेच्या रोपांना जास्त उजेड मिळतो. ओळी यादृच्छिक गटांत लावा, आणि एकापेक्षा जास्त जागी व एकापेक्षा जास्त हंगामांत चाचणी घ्या. पेरणीची नेहमीची घनता ठेवा.

नायट्रोजनच्या किमान दोन पातळ्या ठेवा. प्रकाशसंश्लेषणाची बरीच एन्झाइमं पानात मोठ्या प्रमाणात असतात आणि त्यांच्यासाठी लागणारा नायट्रोजन मातीतूनच यावा लागतो. २०२० मध्ये रुबिस्को जास्त बनवणाऱ्या भाताचं उत्पादन प्रायोगिक खाचरात २८ टक्क्यांपर्यंत वाढलं, पण ते नायट्रोजन पुरेसा दिल्यावर. एकाच पातळीवर घेतलेली चाचणी तुमच्या ओळीला विनाकारण नापास करू शकते, किंवा जिथे खत कमी पडतं तिथे न टिकणारा फायदा खरा म्हणून दाखवू शकते.